हुमले

ओरोसच्या मैदानावर दोन दिवस.
चहा, उसळपाव, हजेरीपटावर सही.
इंगवले हवालदार घाटावरचे, आवाज खणखणीत:
"नळी आकाशाकडे, नाहीतर मातीकडे.
माणसाकडे कधीच नाही. रिकामी असली तरी नाही.
घोड्यावर बोट सगळ्यात शेवटी."
आम्ही अकरा बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे
एका सुरात: शेवटी.

पुठ्ठ्याचं डुक्कर चाळीस पावलांवर,
ऊन आमच्या पाठीशी, वारा नाही.
पाचांतले चार बार मी त्याच्या खांद्यात घातले.
ते हललं नाही, खोकलं नाही,
त्याला जागा सोडून उठायचं काही कारणच नव्हतं.

लेखी परीक्षा: हत्यार कुठे ठेवाल?
कुलपात. काडतुसं दुसऱ्या कुलपात.
दहापैकी नऊ.
चुकला तो प्रश्न कुठला, ते कोणी सांगितलं नाही.
आईनं प्रमाणपत्राला काच बसवली.

मग आश्विन. भात पिवळं पडलं
आणि डुकरं सड्यावरून उतरायला लागली.
लवू घाड्यानं जागा वाटल्या,
पंगतीत पानं मांडावीत तशा:
"इनासा, तू थंय, काजीच्या मुळात.
आणि तू, सर्टिफिकिटवाल्या, गडग्याआड बस.
उजाडापर्यंत कोणी हलूचा नाय."
लवूनं कधी कुठली परीक्षा दिली नव्हती.
उजव्या हाताची दोन बोटं मात्र दिली होती,
जुन्या ठासणीच्या बंदुकीला.

ओरोसला समुद्र नव्हता.
इथे कड्याखाली रात्रभर गाज,
तिच्यातून गवताची सळसळ निवडायची
म्हणजे तांदळातून पांढरा खडा.
दीपगृहाचा झोत यायचा, जायचा.
तो गेला की काळोख
आधीपेक्षा जास्त जवळ येऊन बसायचा.

दोनच्या सुमाराला गवतात डुक्कर आलं.
आवाज आला, एवढंच म्हणायला हवं.
डुक्कर मी त्यात भरलं.
तीन रात्री जागलेल्या कानाला
दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.
मला पाठीचे उभे केस दिसले.
सुळे दिसले, शपथेवर सांगतो,
ओले, थोडे वाकडे.

मी घोडा ओढला.

काही झालं नाही.
दुनळीची सेफ्टी वर होती.

आणि त्याच श्वासात गवत बोललं:
"आवशीचो घो! हुमले रे, हुमले!
सगळी पाटलोण भरली!"
काजीवरच्या तांबड्या मुंग्यांनी उठवलेला इनास
माझ्या नळीच्या अगदी सरळ रेषेत
अंग झाडत नाचत होता.
गडग्या-गडग्यांतून हसू फुटलं.
सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.
डुकरं तोवर खालच्या मळ्यात शिरून
अर्धं भात लोळवून गेली होती.

कोणालाच सांगितलेलं नाही.
सेफ्टी इंगवल्यांच्या धड्यानं वर राहिली,
की हात थरथरला म्हणून खाली करायची राहिली,
ते माझं मलाही ठाऊक नाही.
अंगठा शिकला असेल.
कान शिकला नव्हता.
आणि बोट, जे सगळ्यात शेवटी यायचं होतं,
ते सगळ्यात आधी पोचलं होतं.

आता नवी तुकडी बसते आहे.
हवालदारांचा फोन आला: "ये, पाच मिनिटं अनुभव सांग.
पोरांना धीर येईल."
धीर!
साहेब, त्यांना एक रात्र सड्यावर आणा,
बंदुकीशिवाय.
नुसतं बसवा. आवाज आला की विचारा, काय होतं?
जो पटकन सांगेल त्याला नापास करा.
हे फोनवर बोललो नाही. येतो म्हणालो.

इनास रविवारी मिस्सा आटपून येतो,
आईला बांगड्यांची पिशवी देतो,
बरोब्बर त्या काचेखाली बसून चहा पितो.
"शिकललो झील बरोबर असलो
की भियाँ नाय गे," म्हणतो.
आई माझ्याकडे बघते.
मी त्याच्या समोर बसत नाही.
बाजूच्या बाकड्यावर बसतो,
हात मांडीखाली घेऊन.